खोडलेल्या नावांची वही

वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर 'ग्राफिक्स कार्ड' (कॉम्प्युटरचा चित्र रंगवणारा पार्ट) असं लिहिलंय आणि त्याच्यापुढे एक नाव आहे. त्या नावावर मी इतक्या रेघा ओढल्यात की आता ते मलाही वाचता येत नाही. त्याच्याखाली दुसरं नाव, तेही खोडलेलं. मग तिसरं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. मग एक बाण आणि 'मागचं पान बघ'. साधी दोनशे पानी रेघांची वही आहे. 2022 च्या नोव्हेंबरात गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडायला म्हणून ती कपाटातून काढली आणि पुढचे तीन महिने रोज रात्री तिच्यात काहीतरी लिहीत आणि खोडत बसलो.

तेव्हा मी 43 वर्षांचा होतो. कॉलेजात असताना खूप खेळायचो. नोकरी लागल्यावर काही वर्षं रेटलं, मग ऑफिसचा लॅपटॉप घरी आला आणि खेळणं सुटलं ते सुटलंच. त्या लॅपटॉपवर बुद्धिबळाच्या पलीकडे काही चालायचं नाही. एके दिवशी ठरवलं की आता आपलं एक मशीन हवं. रक्कम बाजूला काढली, आणि घरात सांगून काढली, म्हणजे ती वाढणार नव्हती.

सुरुवातीच्याच एका रात्री, एक वाजून गेला असेल, बायको पाणी प्यायला उठली. टेबलावरची वही, उघडा लॅपटॉप आणि माझा अवतार बघून म्हणाली, "तुला नक्की खेळायचंय की जमवायचंय?"

"जमवल्याशिवाय खेळणार कसं?"

"जमव मग," म्हणाली आणि दिवा मालवून गेली. दिवा माझ्याच डोक्यावरचा होता.

या कामात माणसाला खड्ड्यात घालणारे दोन शब्द आहेत: 'थोडंच वर'. जे कार्ड परवडतंय त्याच्या थोडंच वर एक बरंच चांगलं कार्ड असतं. ते धरावं तर त्याच्या थोडंच वर आणखी एक. एकेक पायरी सुटी बघितली तर शहाणपणाचीच वाटते. शिवाय मोठं कार्ड एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. त्याला पॉवर सप्लाय मोठा लागतो, कॅबिनेटमध्ये जागा लांब लागते, त्याच्या तोलाचा प्रोसेसर लागतो, आणि हे सगळं जुळलं की इतकी वर्षं बिनतक्रार चाललेला मॉनिटर डोळ्यांत खुपायला लागतो. आठव्या दिवशी मी बेरीज केली तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट होत होती, आणि यातला एकही निर्णय मूर्खपणाचा वाटत नव्हता.

तेव्हा मी वहीत मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'काय', उजवीकडे 'कुठून'. डावीकडे कुठलाही आकडा वाढवायचा तर तेवढी रक्कम दुसऱ्या कुठल्या पार्टातून काढली ते उजवीकडे लिहायचं. ते लिहिता आलं नाही तर डावीकडचं नाव खोडायचं. पहिल्याच रात्री सात नावं गेली.

दुसरी गोष्ट मी केली ती जास्त अवघड होती. मी खरंच काय खेळतो, याची यादी. माझ्या डोक्यात मी जो खेळणारा होतो तो 22 वर्षांचा होता, काउंटर-स्ट्राइकमध्ये कोपऱ्यावरून डोकावणाऱ्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत टिपणारा. यादी करायला बसल्यावर कळलं की गेल्या काही वर्षांत मित्राकडे किंवा भावाकडे जेव्हा जेव्हा खेळायला मिळालं, तेव्हा मी सिव्हिलायझेशन लावून बसलो होतो. नकाशा, शहरं, संथ चाली. नाहीतर मोठ्या उघड्या जगातला एखादा खेळ, ज्यात मी मुख्य कामगिरी सोडून घोड्यावरून डोंगर बघत हिंडत असतो. गोळीबाराचे खेळ खेळलो होतो ते दोनदा, आणि दोन्ही वेळा मला कोणी मारलं ते मरून झाल्यावर समजलं.

आता याचा पार्ट निवडण्याशी काय संबंध? सगळाच. चालींचे खेळ जसे पुढे सरकतात तसा प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या चालीचा हिशोब वाढत जातो आणि तो प्रोसेसरच्या गळ्यात पडतो. दोनशेव्या चालीला आपण 'पुढे' दाबून जांभई देत बसतो, त्या वेळी ग्राफिक्स कार्ड जवळजवळ रिकामं बसलेलं असतं. उघड्या जगातल्या खेळात उलटं. तिथे कार्ड घाम गाळतं. आणि गोळीबाराच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला सेकंदाला शक्य तितक्या जास्त फ्रेम, म्हणजे चित्रं, हव्यात, चित्र देखणं नसलं तरी चालतं. 'गेमिंगसाठी सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं' हा प्रश्न मी महिनाभर विचारत होतो, आणि त्यात माझं नावच नव्हतं.

पडद्याचंही तेच. माझा मॉनिटर साधा, 1920 बाय 1080 चा, सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा. म्हणजे 20,73,600 ठिपके, दर 16.7 मिलिसेकंदांनी नव्याने रंगवायचे. 1440 च्या पडद्यावर हेच ठिपके 36,86,400 होतात आणि 4के वर बरोबर चौपट, 82,94,400. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये एवढे ठिपके रंगवावे लागतात, त्यामुळे पडदा कोणता हे आधी ठरवायचं आणि कार्ड नंतर. मी उलटं करत होतो. जे कार्ड माझ्या यादीत सगळ्यात वर होतं ते माझ्या पडद्यावर सेकंदाला 130-140 फ्रेम देऊ शकलं असतं आणि पडदा त्यातल्या 60 दाखवून मोकळा झाला असता. बाकीच्यांचा जो थोडा फायदा होतो, माउस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ किंचित कमी होतो, तो डोंगर बघत फिरणाऱ्या घोडेस्वाराला कशाला हवा? पहिलं नाव त्या रात्री खोडलं. त्याच्यावर जास्त रेघा आहेत कारण राग जास्त होता. राग कार्डावर नव्हता.

मग नावांचा घोळ सुरू झाला. हा प्रकार मला अजूनही लबाडीचा वाटतो. एकाच नावाची दोन कार्डं असतात आणि आत वेगवेगळा माल असतो. जीटी 1030 आधी जीडीडीआर5 मेमरीसह आलं, नंतर त्याच नावाने साधी डीडीआर4 लावलेलं आलं. पहिल्याच्या मेमरीतून सेकंदाला 48 गिगाबाइट वाहतात, दुसऱ्याच्या 16.8. खोक्यावरचं मोठं नाव तेच. जीटीएक्स 1060 चं 3 जीबीचं आणि 6 जीबीचं मॉडेल बघून कुणालाही वाटेल की फरक फक्त मेमरीचा आहे, पण लहानात कोअर, म्हणजे हिशोब करणारे भाग, तेही कमी, 1280 च्या जागी 1152. मी वही लिहीत होतो त्याच सुमारास आरटीएक्स 3060 चं 8 जीबीचं मॉडेल आलं. आधीच्या 12 जीबीच्या मॉडेलची मेमरीची वाट 192 बिटची, याची 128 ची. वेग 360 वरून 240 गिगाबाइटवर. नावात एका अक्षराचा फरक नाही. माझ्या वहीत या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'नाव वाचू नकोस, खालची बारीक ओळ वाच.'

सगळ्यात जास्त भुलवलं ते आरएक्स 6500 एक्सटीने. जानेवारी 2022 चं, म्हणजे नवं, वॉरंटी पूर्ण, किमतीला हलकं. 'कुठून' च्या रकान्यात काही लिहायलाच लागत नव्हतं, उलट पैसे उरत होते. पण त्याची मेमरी 4 जीबी आणि बोर्डाशी, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मदरबोर्डाशी, बोलायला चारच लेन, म्हणजे चारच वाटा. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता. तो नव्या पिढीचा, 4.0 चा असेल त्या बोर्डावर चार लेन चालून जातात. माझ्या डोक्यात होता तो बोर्ड 3.0 चा, तिथे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. कार्डाच्या 4 जीबीत मावेना म्हणून खेळाने उरलेलं सामान रॅममध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मेमरीत, ठेवलं की ते आणायला-न्यायला हा एवढासा बोळ. म्हणजे ज्याच्याकडे जुना बोर्ड आहे, ज्याला खरं तर स्वस्त कार्ड हवंय, त्यालाच ते सगळ्यात वाईट चालणार. खोडलं.

शेवटी आरएक्स 6600 वर आलो. 8 जीबी, 132 वॉट, एक आठ पिनांची तार. लेन आठ, त्यामुळे जुन्या बोर्डावर नुकसान जाणवण्याइतकं नाही. तेच कार्ड सेकंडहँड बरंच स्वस्त मिळत होतं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाने व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणं खोदणं एका दिवसात बंद पडलं. दोन वर्षं अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली होती. मायनिंगचं, म्हणजे असं नाणी खोदलेलं, कार्ड म्हणजे खराबच असं नाही. चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते, झिजतात ते पंखे, सुकते ती चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट. मी एक बघायला गेलोही. माणूस भला होता, त्याने समोर अर्धा तास खेळ लावून दाखवला. चित्र स्वच्छ, तापमान ठीक. मी कान जवळ नेला तर दुसऱ्या पंख्यातून बारीक खर्र, खर्र. पंखा बदलता येतो हे मला माहीत होतं. पण मी रात्री दार लावून, घर झोपल्यावर खेळणार. ती खर्र मला रोज ऐकू आली असती. नवं घेतलं. 'कुठून' च्या रकान्यात लिहिलं: 'बोर्डातून'. हा एक शब्द पुढे फार महागात पडला, त्याकडे येतोच.

प्रोसेसरची गोष्ट त्या मानाने सरळ. आठ कोअरचा खोडला, कारण मी खेळताना मागे व्हिडिओ बनवत नाही की काही रेकॉर्ड करत नाही. मग रायझन 5 5600जी हा प्रोसेसर समोर आला. त्याच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे आत्ता कार्ड न घेता चालवायचं आणि पुढच्या वर्षी कार्ड. दुधाची तहान ताकावर भागवायची ही सोय मला पटत आली होती. मग बारीक ओळ वाचली. नावात जी नसलेल्या 5600 ची एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, 32 एमबी, जीची 16. ज्याला कधीच कार्ड घ्यायचं नाही त्याच्यासाठी तो उत्तम आहे. माझ्यासारख्या 'पुढच्या वर्षी' वाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. इंटेलचा चार कोअरचा आय3-12100एफही बरेच दिवस यादीत होता, आणि त्या किमतीला तो अजूनही मला मानाचा वाटतो. त्यातल्या एफचा अर्थ पोटात ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळा. हे एक अक्षर न वाचता घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत. मी रायझन 5 5600 घेतला. सहा कोअर, 65 वॉट, कूलर खोक्यातच.

सगळे सांगत होते की एएम4 सॉकेट, म्हणजे या रायझनची बोर्डावरची बैठक, संपलं, 2022 मध्येच एएम5 आलंय, आता जुन्यात पैसे घालू नकोस. मला ते संपलेलंच हवं होतं. संपलेल्या गोष्टींचे बोर्ड स्वस्त, रॅम स्वस्त, आणि काय काय बिघडतं हे आधीच्या लोकांनी बिघडवून लिहून ठेवलेलं. गंमत म्हणजे त्या मेलेल्या सॉकेटसाठी 2024 च्या जानेवारीतही नवा प्रोसेसर निघाला.

एसएसडी, म्हणजे खेळ साठवायची डिस्क, आणि कॅबिनेट यांवर मी फार रात्री घालवल्या नाहीत. कॅबिनेटला पुढून जाळी हवी, काच नको, वारा आत जायला वाट हवी, एवढंच. ज्या कॅबिनेटला समोरून काच आणि आत सात रंगांचे चार पंखे होते त्याची किंमत बघून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आठवला. एसएसडी एम.2 आकाराची घेताना ती एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची, आहे ना एवढं बघितलं, कारण तशाच आकाराच्या जुन्या साटा जातीच्याही मिळतात आणि त्या सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या वर जात नाहीत.

पॉवर सप्लायला मात्र मी पाच पानं दिली आहेत. त्याचं कारण 2006 सालचं आहे.

तेव्हाचं माझं मशीन मी असंच जमवलं होतं आणि सगळे पैसे कार्डात घातले होते. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. त्यावर 500 वॉट असं ठसठशीत छापलेलं. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, आणि मला त्याचंही कौतुक वाटलं होतं. आठ महिन्यांनी एका रविवारी दुपारी खेळताना फट्ट असा आवाज झाला, दिवाळीतल्या भिजलेल्या फटाक्यासारखा, आणि जळक्या मासळीसारखा वास खोलीभर पसरला. त्याच्याबरोबर मदरबोर्ड गेला. कार्ड वाचलं, पण ते लावायला काही उरलं नव्हतं. नंतर मी त्याचं लेबल नीट वाचलं. कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते 12 व्होल्टच्या ताटात. तिथे 18 अँपिअर लिहिलेले होते. बारा अठरे 216. पाचशेतले बाकीचे वॉट 3.3 आणि 5 व्होल्टच्या रकान्यांत मांडून बेरीज फुगवली होती, आणि खरं तर तेवढेही त्याच्याने निघाले नसते.

म्हणून या वेळी आधी 12 व्होल्टची ओळ, मग वॉट. हिशोब सोपा असतो. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, आठ पिनांच्या तारेतून 150. माझं कार्ड 132, प्रोसेसर 65 म्हटला तरी भरात त्याहून थोडा जास्त ओढतो, बाकी सगळं मिळून 50 धरा. तीनशेच्या आतच. साडेपाचशेचा चांगला एसएमपीएस घेतला की तो निम्म्या भारावर निवांत चालतो. '80 प्लस ब्राँझ' ही मोहर बघून लोक निर्धास्त होतात, पण ती फक्त वीज किती वाया जाते ते सांगते. निम्म्या भारावर 85 टक्के कामाला येते, उरलेली उष्णता होऊन जाते. आतले कपॅसिटर कसले आहेत, शॉर्ट झालं तर तो स्वतःला बंद करतो का, यातलं ती मोहर काही सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी तो उघडून, तापवून, छळून लिहिलेलं वाचावं लागतं. मी वाचलं. या एका ओळीपुढे माझ्या वहीत खाडाखोड नाही. 'कुठून' च्या रकान्यात 'रंगीत पंखे, हेडफोन, की-बोर्ड' असं आहे. की-बोर्ड अजूनही ऑफिसातून टाकून दिलेलाच वापरतो.

आता बोर्ड. बी450 चा, वापरलेला, 2018 च्या पहिल्या खेपेतला. विकणाऱ्याने चालू करून दाखवला, त्याच्या जुन्या प्रोसेसरवर. वाचलेल्या पैशांतून नवं कार्ड आलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी सगळं टेबलावर मांडलं आणि दुपारपर्यंत जोडलंही. बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला, आणि पडदा काळा. रॅम काढून परत बसवली. एकच पट्टी लावून पाहिली. कार्ड काढून लावलं. मॉनिटरची तार चुकून बोर्डाला तर नाही ना लावली, तेही बघितलं. काळाच.

टीममधल्या एका मुलाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, बोर्ड जुना आहे का?"

"वापरलेला आहे. का रे?"

"बायोस जुनं असणार. तुमचा प्रोसेसर त्याला ओळखूच येत नसेल. बोर्ड 2018 चा आणि प्रोसेसर 2022 चा."

बायोस म्हणजे बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. ते अपडेट करायचं तर मशीन चालू व्हायला हवं, आणि मशीन चालू व्हायला बायोस अपडेट हवं. काही बोर्डांना यासाठी मागे एक बटण असतं, प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस चढतं. असं बटण असलेला बोर्ड माझ्या वहीत होता, सहाव्या पानावर. तोच मी 'थोडा महाग' म्हणून खोडला होता.

तो मुलगा संध्याकाळी स्वतःचा जुना रायझन 5 1600 आणि थर्मल पेस्टची अर्धी नळी घेऊन आला. पेस्ट माझ्या यादीत नव्हतीच, कूलरला लावलेली येते म्हणून, आणि ती एव्हाना माझ्या प्रोसेसरला फासून झाली होती. त्याचा प्रोसेसर बसवला, पडदा उजळला, बायोस चढलं. दहा मिनिटांचं काम. "जेवून मग बदलू," मी म्हटलं. तो म्हणाला, "सर, मला निघायला हवं, तुम्हीच काढा, सोमवारी ऑफिसात द्या." आणि जाता जाता काहीतरी सांगितलं, ते मी 'हो हो' करत ऐकलंच नाही.

जेवून आलो. तासाभरात सगळं थंड झालेलं. कूलरचे चार स्क्रू सोडवले आणि कूलर सरळ वर उचलला. हलला नाही. थोडा जोर केला, तर 'टक्' असा आवाज आला आणि कूलर हातात. सॉकेटकडे बघितलं तर ते रिकामं. लिव्हर तशीच बंद. प्रोसेसर कुठे गेला म्हणून टेबलाखाली वाकलो, आणि मग हातातला कूलर उलटा केला. प्रोसेसर त्याच्या बुडाला चिकटला होता, पिना आकाशाकडे करून.

एएम4 च्या प्रोसेसरला 1331 पिना असतात. सोनेरी, शिवणाच्या सुईच्या टोकापेक्षा थोड्या जाड, आणि केसांच्या फणीसारख्या शिस्तीत उभ्या. त्या माझ्या नव्हत्या. टेबलावरचा दिवा खाली ओढला, भिंग आणलं आणि प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला धरून तिरपा फिरवला. रांगेतून बघितलं की सगळ्या पिना एकामागे एक लपतात, आणि जी वाकलेली असेल ती तेवढी बाहेर डोकावते. कोपऱ्याजवळ दोन डोकावत होत्या. एक किंचित, एक शेजारणीच्या खांद्यावर रेलल्यासारखी. बायको मागे येऊन उभी राहिली. माझ्या मानेच्या कडकपणावरून तिला काय ते समजलं असावं, कारण ती काही बोलली नाही, फक्त मोबाइलचा टॉर्च लावून धरला.

मुलीच्या कंपासमधून पेन-पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं. तिच्या तोंडाची ती बारीक नळी पिनेवर अलगद बसवायची आणि केसभर उलट दिशेला न्यायची. थांबायचं. परत बघायचं. परत केसभर. एका झटक्यात सरळ करायला गेलं तर पिन मुळातून तुटते. पहिली दोन मिनिटांत आली. दुसरीला वीस लागली. मग तो प्रोसेसर परत सॉकेटवर ठेवला, न दाबता, नुसता ठेवला, आणि तो आपल्या वजनाने खाली उतरून सपाट बसला. तो बसतानाचा आवाज ऐकू येण्याइतका मोठा नसतो, तरी मला आला.

सोमवारी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून तर सांगत होतो सर, आधी मशीन दहा मिनिटं गरम करा, मग कूलर आधी पिळा आणि मग उचला." मी मान डोलावली. त्याने प्रोसेसर उजेडाकडे धरून तिरपा फिरवला, अगदी मी केला होता तसाच, आणि खिशात टाकला.

त्या दिवसापासून मशीन चालू आहे. पहिल्या रात्री घोडा, डोंगर, पाऊस. मी कुठलंच सेटिंग सगळ्यात वरचं ठेवलं नव्हतं. सावल्या मध्यम, लांबच्या झाडांची पानं मध्यम, आणि पाच मिनिटांनी मला आठवेना की काय कमी केलं होतं. एक कबुली द्यायला हवी. पुढचे चार महिने माझी 3200 ची रॅम 2133 ने चालत होती. 8-8 जीबीच्या दोन पट्ट्या मुद्दाम घेतल्या होत्या, दोन चॅनेल मिळून सेकंदाला 51.2 गिगाबाइट मिळतात म्हणून. बरोबर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावल्या होत्या. फक्त बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायचं राहिलं होतं. या प्रोसेसरांच्या आतला दळणवळणाचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणजे मी दोन्हीकडून हळू चालत होतो. तीन महिने एकेका टक्क्यासाठी नावं खोडली आणि मग हे. वहीत त्याची नोंद नाही. इथेच करतोय.

रॅमच्याच पानावर, अगदी खाली, एक ओळ आहे: '32 जीबी'. तिच्यावर रेघ नाही. शेजारी कंसात लिहिलंय, 'नंतर, स्वस्त झाल्यावर'. तेव्हा रॅमचे भाव महिन्या-महिन्याला उतरत होते आणि ते उतरतच राहणार याबद्दल मला शंका नव्हती. परवा सिव्हिलायझेशनचा मोठा नकाशा आणि मागे ब्राउझर असं उघडं असताना मशीन अडखळलं, तेव्हा वही काढली आणि भाव बघितले. 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी इतकी ओढून घेतली की माझ्या जुन्या डीडीआर4 च्या त्याच दोन पट्ट्या मी घेतल्या होत्या त्याहून महाग झाल्या आहेत. मी 'काय' खाली 'रॅम' लिहिलं आणि 'कुठून' खाली काय लिहावं म्हणून पेन हातात धरून बसलो.

बायको दारात आली. "परत वही?"

"ब्राउझर बंद करून खेळतो," मी म्हटलं.